बाबांच्या सीडी आणि मुंबईची ओल

पत्र :

"गिरगावातल्या आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला आहे. मे अखेरीस खोली रिकामी करून आम्ही तीन वर्षांसाठी बोरिवलीला भाड्याच्या घरात चाललो आहोत. माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मागे अडीचशेच्या आसपास सीडी आहेत. बहुतेक विकत घेतलेल्या, नाट्यसंगीताच्या, अभंगांच्या, शास्त्रीय गाण्याच्या. साठेक मात्र माझ्या भावाने 2003-04 च्या सुमारास कॅसेटवरून घरच्या कॉम्प्युटरवर राइट केलेल्या आहेत. त्यांत मंडळाची भजनं, गणपतीतल्या बैठका आणि एकीवर आजीच्या ओव्या आहेत. परवा यातली एक लावली तर तिसऱ्या भजनाला अडकली, दुसरी प्लेअरने ओळखलीच नाही. सगळ्या सीडी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात आहेत, काही डब्यांत, काही चेनच्या पाऊचमध्ये. पुढची वीस-पंचवीस वर्षं टिकायच्या तर कशा ठेवू? कुणी म्हणतं फ्रिजमध्ये ठेवा, कुणी म्हणतं डांबरगोळ्या टाका. मुलगा म्हणतो, सगळं नेटवर मिळतं, कशाला ओझं नेतेस. मूळ कॅसेट तर भंगारवाल्यासाठी काढूनही ठेवल्या आहेत. त्या वेळच्या गाण्या-वाजवणाऱ्यांपैकी आता फक्त माझी 84 वर्षांची आत्या आहे."
– एक वाचक, गिरगाव

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी त्या कॅसेट भंगाराच्या ढिगातून उचला. पुढचं वाचण्याआधी उठा आणि उचलून आत कपाटात ठेवा. का ते सांगतेच.

मी गेली बरीच वर्षं लोकांच्या घरातली जुनी ध्वनिमुद्रणं उतरवून देते, आणि तुमच्यासारखं पत्र आलं की मला धाकधूक होते, कारण प्रश्न "कशा ठेवू" असा असतो आणि खरी निकड वेगळीच असते. तुमच्याकडे सीडी अडीचशे असल्या तरी त्या दोन वेगळ्या जातींच्या वस्तू आहेत. विकत घेतलेल्यांना नीट ठेवायचं आहे. भावाने राइट केलेल्यांना नुसतं नीट ठेवून भागणार नाही, त्यांच्यातला आवाज पावसाळ्याआधी बाहेर काढायचा आहे.

फरक काय तो सीडी हातात घेऊन बघा. तिची नाव छापलेली बाजू आपण बिनधास्त टेबलावर टेकवतो आणि चकचकीत बाजूला जपतो. खरं तर उलट करायला हवं. सीडीची जाडी 1.2 मिलिमीटर. ही जवळजवळ सगळी जाडी खालच्या पारदर्शक, टणक प्लास्टिकची. गाणं असतं ते या प्लास्टिकच्या वरच्या अंगाला, नावाच्या बाजूला. तिथे चकाकणाऱ्या धातूचा थर असतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ. त्याच्यावर लॅकरचा एक पापुद्रा आणि त्यावर थेट छपाई. म्हणजे खालून ओरखडा पडला तर तो जाड प्लास्टिकला पडतो, वरून पडला तर धातूच निघतो. खालचा ओरखडा कधी पॉलिश करून घालवता येतो. वरून धातू निघाला तर त्या जागेवरचं गाणं गेलं, ते कुणीही परत आणू शकत नाही.

आता विकतची आणि घरची. विकतच्या सीडीत गाणं म्हणजे प्लास्टिकमध्येच साच्याने दाबलेले बारीक खळगे. ते कुठे जात नाहीत. फार तर वरचा ॲल्युमिनियमचा थर ओलीने गंजतो. राइट केलेल्या सीडीत खळगे नसतातच. तिथे एक रंगाचा थर असतो, आणि राइट करताना लेसरने त्या रंगावर डाग उमटवलेले असतात. तुमच्या भावाने 2003 साली उतरवलेली आजीची ओवी आज निव्वळ एका रंगावर उभी आहे, आणि रंग उजेडाने, उष्णतेने, ओलीने फिका पडतो. आपल्याकडे उन्हात वाळत घातलेल्या साडीचं जे होतं तेच, फक्त हळू.

म्हणून साठ सीडी वेगळ्या काढायच्या. ओळखायला सोपं आहे. विकतची सीडी खालून स्वच्छ रुपेरी दिसते. राइट केलेली खालून हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक दाखवते. बऱ्याच जणींवर नीट बघितलं तर आतून बाहेर जाताना एका ठिकाणी झाक बदललेली दिसते, तिथपर्यंत राइट झालेलं असतं. गडद निळ्या किंवा फिक्या सोनेरी रंगाच्या त्यातल्या त्यात टिकाऊ, हिरव्या-निळसर जुन्या सीडी उजेडाला जास्त नाजूक. पण रंगावर विसंबून क्रम लावू नका. क्रम आवाजावर लावा. दुसरीकडे कुठेही नाही असा आवाज जिच्यावर आहे ती पहिली. म्हणजे आजीच्या ओव्या पहिल्या, मंडळाच्या बैठका मग, आणि कॅसेटवरून उतरवलेली एखादी बाजारात मिळणारी गाणी सगळ्यात शेवटी.

तुमची एक सीडी तिसऱ्या भजनाला अडकली, त्याचंही सांगते, कारण त्यावरून घाई का ते कळेल. सीडीच्या रचनेत चूक दुरुस्त करण्याची सोय मुळातच आहे. माहिती एका जागी सलग न ठेवता विखरून ठेवलेली असते, आणि सोबत जादा आकडे असतात, ज्यावरून गेलेला भाग पुन्हा मांडता येतो. गाण्याच्या गोल फिरत जाणाऱ्या रेषेवर सलग अडीच मिलिमीटरभर वाचता आलं नाही तरी ऐकणाऱ्याला काही कळत नाही. ही सोय फार हुशार आहे, पण तिचा एक धोका आहे. सीडी आतून वर्षानुवर्षं खराब होत जाते आणि वरून ठणठणीत वाजते. मग एक दिवस चुका दुरुस्तीच्या पलीकडे जातात आणि ती एकदम अडकते. कॅसेटचा आवाज हळूहळू बसत जातो, आपल्याला अंदाज येतो. सीडी सांगत नाही. त्यामुळे जी अडकायला लागली ती आज-उद्याची, आणि तिच्याच बरोबर, त्याच कोऱ्या सीडींच्या गड्डीतून राइट झालेल्या बाकीच्या अठ्ठावन्नही फार मागे नसतील असं धरून चाला.

जी प्लेअरने ओळखलीच नाही तिच्यावर अजून फुली मारू नका. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि गाण्यांची अनुक्रमणिका भोकाजवळच्या आतल्या कड्यात असते. तेवढाच भाग खराब झाला असेल तर गाणी शाबूत असूनही प्लेअर हात टेकतो. शिवाय प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी. एकात न चालणारी सीडी दुसऱ्या कंपनीच्या, विशेषतः जुन्या ड्राइव्हमध्ये वाचली गेल्याचं मी पुष्कळदा पाहिलं आहे. तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघितल्याशिवाय मी कुठलीही सीडी मेली असं म्हणत नाही.

हात लावण्याआधी पुसायचं कसं तेवढं शिकून घ्या. गोल फिरवून पुसू नका. गाण्याची रेष गोल गोल जाते. गोल पुसताना एखादा कण अडकला तर ओरखडा त्या रेषेवरूनच लांबवर जातो, सलग भाग जातो, आणि मघाची दुरुस्ती तोकडी पडते. मऊ, धुतलेलं सुती कापड घ्या, जुना मलमलचा तुकडा उत्तम, आणि भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. तेलकट बोटांचे ठसे असतील तर केमिस्टकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला थोडं लावा. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, काच पुसायचे फवारे नकोत. ॲसिटोनने हे प्लास्टिक तडकतं, पांढरं पडतं. नावाच्या बाजूला शक्यतो कापडही लावू नका.

आणि ज्या सीडीवर भावाने कागदी गोल स्टिकर चिकटवले असतील ते काढायचे नाहीत. हे मी कळवळून सांगते. 2009 साली माझ्याकडे एका घरातून मुंजीच्या गाण्यांची सीडी आली होती. पावसाळ्यात स्टिकरला फुगा आला म्हणून घरच्यांनी तो नीट दिसावा म्हणून सोलला. सोललेला स्टिकर त्यांनी सोबत आणला होता. त्याच्या पाठीवर चंद्रकोरीएवढा चकचकीत रुपेरी तुकडा लागला होता, आणि सीडीवर तेवढ्याच आकाराची आरपार दिसणारी खिडकी होती. मामीने गायलेली गाणी त्या तुकड्यावर होती. स्टिकर उचललेला, वाकलेला असेल तर तसाच राहू द्या, हलक्या हाताने दाबा आणि ती सीडी रांगेत सगळ्यात पुढे घ्या.

आता उतरवणं. घरात जुना डीव्हीडी ड्राइव्हचा कॉम्प्युटर नसेल तर यूएसबीला लागणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, लॅमिंग्टन रोडला मिळतो, ऑनलाइनही मिळतो. मुलाला कामाला लावा, पण एक गोष्ट त्याला आधी सांगा. गाण्याची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की खिडकीत 'ट्रॅक 01', 'ट्रॅक 02' अशा फाइली दिसतात. त्या ओढून फोल्डरमध्ये टाकल्या की झालं असं वाटतं. विंडोजमध्ये त्या फाइलींच्या शेवटी 'सीडीए' असं असतं आणि प्रत्येकीचा आकार 44 बाइट. त्यात गाणं नसतंच, गाणं सीडीवर कुठे सुरू होतं एवढा पत्ता असतो. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने अशाच ऐंशी सीडी "कॉपी" केल्या, मूळच्या वाटून टाकल्या, आणि वर्षभराने फोल्डर उघडला तर नुसते पत्ते. त्या घरी मी गेले होते तेव्हा कुणी काही बोलत नव्हतं.

त्यामुळे रिप करणारा, म्हणजे सीडीवरचं गाणं वाचून त्याची फाइल बनवणारा प्रोग्रॅम वापरायचा. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा फुकट मिळतो आणि या कामात मुरलेला आहे. त्याची 'सिक्युअर' पद्धत निवडली की तो प्रत्येक भाग एकापेक्षा जास्त वेळा वाचून ताडून बघतो, खराब जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी कुठल्या गाण्यात कुठे चूक राहिली याची यादी देतो. एखादी वाईट सीडी यात दोन-तीन तासही घेते. घेऊ द्या. वेग कमी ठेवा. फाइल एमपी3 करू नका. एमपी3 मध्ये आवाजाचा काही भाग कायमचा टाकून दिला जातो. 'फ्लॅक' करा. त्यात काहीही न टाकता जागा जवळपास निम्मी लागते. साठही सीडी काठोकाठ भरलेल्या असल्या तरी मूळ रूपात साधारण 50 जीबी, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्या. आजच्या काळात एवढी जागा म्हणजे काहीच नाही. फोनवर ऐकायला हवं तर फ्लॅकवरून नंतर एमपी3 कधीही बनवता येते, उलट मात्र होत नाही.

भावाने काही सीडी गाण्याच्या न करता एमपी3 फाइली भरून केल्या असतील, एकीत शंभर-सव्वाशे भजनं असतील तर तसंच समजा. त्या मात्र साध्या कॉपीने उतरतात.

उतरलेल्या फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि तिसरी प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाउडवर. दोन्ही हार्ड डिस्क एकाच कपाटात ठेवल्या तर ती एकच प्रत समजा. पेन ड्राइव्ह देण्याघेण्यापुरता बरा, वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवण्यासारखा तो नाही. हार्ड डिस्कही दर सहा महिन्यांनी जोडून दोन-चार फाइली ऐकून बघायची, आणि पाच-सहा वर्षांनी नवीन घेऊन त्यावर सगळं हलवायचं. गुढीपाडवा आणि दसरा हे दोन दिवस धरले तर विसरायला होत नाही. आमच्या घरी तेच आहेत.

एवढं झालं की कॅसेट. त्या भंगारातून का काढायला लावल्या ते आता कळलं असेल. तुमच्या सीडी या कॅसेटच्या प्रती आहेत. जी सीडी कुठल्याच ड्राइव्हने वाचली नाही, तिचा आवाज त्या कॅसेटवर अजून असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय 2003 साली घरच्या कॉम्प्युटरला हेडफोनच्या वायरने जोडून जे उतरवलं, त्यापेक्षा आज चांगल्या डेकवरून कितीतरी अधिक उतरेल. पेटीच्या भात्याचा श्वास, आजीचं ओवी संपल्यावरचं हसणं, असलं बारीक सारं तिथेच सापडतं. फिरकीच्या खिडकीतून फितीवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी समजा आणि ती कॅसेट घरच्या प्लेअरमध्ये घालू नका, जाणकाराकडे द्या. बाकीच्या कॅसेट स्पीकरपासून लांब, डबीत, उभ्या ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, ठेवायच्या कशा. विकतच्या दोनशेंसाठी हा भाग आहे, आणि उतरवून झालेल्या साठांसाठीसुद्धा, कारण प्रत झाली तरी मूळ टाकायचं नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेने, निस्टने, 2003 मध्ये ग्रंथालयांसाठी सीडी-डीव्हीडीच्या निगेची एक पुस्तिका काढली. त्यांनी दीर्घकाळासाठी सांगितलेलं तापमान 4 ते 20 अंश आणि हवेतली आर्द्रता 20 ते 50 टक्के. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता 80-90 टक्क्यांवर सहज असते आणि मे महिन्यात दुपारी घर 33-34 अंशांवर. एसी रात्रंदिवस चालू ठेवणं कुणाला परवडणार? तापमानावर आपला फारसा ताबा नाही. ओलीवर आहे, आणि मुंबईत सीडीचा जीव ओलच घेते. लॅकरच्या पापुद्र्यातून, कडेच्या फटीतून दमट हवा आत जाते आणि धातू काळवंडतो. विकतची एखादी सीडी नावाच्या बाजूने डोळ्यांकडे धरून पलीकडे ट्यूबलाइट ठेवा. टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेलेला आहे. कडेने चहाच्या डागासारखा तपकिरीपणा आत सरकताना दिसला तरी तेच. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात 1988 ते 1993 या काळात बनलेल्या अनेक सीडी अशाच तपकिरी पडल्या, आणि तिथे लॅकर कमी पडून पुस्तिकेच्या कागदातलं गंधक थरापर्यंत पोचल्याचं निघालं. ठिपके दिसलेल्या सीडीही राइट केलेल्यांच्या रांगेत घ्या, अजून वाजतात तोवर उतरवा.

बुरशीचं भय तुम्हाला कुणी घातलं असेल. 2001 मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून आलेल्या एका सीडीत स्पॅनिश संशोधकांना बुरशी थेट आतल्या थरात शिरून तो खाताना सापडली होती. बेलीझची हवा आपल्यासारखीच, उष्ण आणि दमट. असं सहसा होत नाही. आपल्याकडे बुरशी येते ती आधी आतल्या पुस्तिकेला, आणि तिथून सीडीच्या कडेला.

तर करायचं काय? पापड-कुरडयांचं आपण जे करतो तेच. स्वयंपाकघरातले चार बाजूंनी कडी लागणारे, रबराची कड असलेले मोठे हवाबंद डबे घ्या, ज्यात सीडीची डबी उभी राहील एवढ्या उंचीचे. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि जमलं तर आर्द्रता दाखवणारा छोटा मापक. तो 40-50 च्या आसपास राहिला की आपलं काम झालं. 60 कडे जायला लागला की पुड्या बदला. रंग बदलणारी जेल घेतली तर कधी बदलायची ते दिसतं. फक्त निळ्याची गुलाबी होणारी नको, तिच्यात कोबाल्टचं क्षार असतं. केशरीची हिरवी होणारी घ्या. सुकवायला खाण्यासाठी न वापरायच्या जुन्या भांड्यात मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोनेक तास ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावरच आत टाका.

एक चूक बहुतेक जण करतात. पाऊस सुरू झाला की जाग येते आणि भर जुलैत डबे भरले जातात. त्या दिवशीची ओली हवा डब्यात कोंडली जाते. कुरडया आपण ऊन खणखणीत असताना, वाळल्यावर डब्यात भरतो. हेही एप्रिलच्या कोरड्या दुपारी करा, किंवा थंडीत जानेवारी-फेब्रुवारीत. तुमच्या हातात आता दिवस आहेत, ते वापरा.

डबा भरताना सीडी उभ्याच. आडव्या एकीवर एक ठेवल्या की वर्षानुवर्षं खालच्या वाकतात, विशेषतः उन्हाळ्यात. तुटलेल्या डब्या बदला, मधले दात तुटले असले की सीडी आत फिरते आणि घासते. काढताना कडेने ओढून वाकवायची नाही. मधलं बटण अंगठ्याने दाबायचं, दात आत जातात, ती आपोआप सुटते, मग कडेला आणि भोकाला धरून उचलायची. चेनच्या पाऊचमधल्या सगळ्या काढा. ते खिसे पुष्कळदा मऊ पीव्हीसीचे असतात, आपल्या उकाड्यात त्यातून तेलकट पदार्थ सुटतो आणि प्लास्टिक सीडीला चिकटतं. रबर बँड लावून गठ्ठे करू नका, रबरात गंधक असतं आणि ते राइट केलेल्या सीडीतल्या चांदीच्या थराला काळं करतं. जुन्या संचांमध्ये सीडीखाली स्पंजचा तुकडा असतो, तो भुगा होऊन चिकटण्याआधी काढून टाका. आतल्या पुस्तिका कागदाच्या, ओल धरतात. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या तर उत्तम. निदान ज्या पुस्तिकेला वास येतोय ती तरी वेगळी करा.

फ्रिज नको. फ्रिजमधून पेला बाहेर काढला की त्याला घाम फुटतो, तसा सीडीला फुटतो, आणि तेच पाणी कडेने आत शिरतं. डांबरगोळ्याही नकोत, त्यांच्या वाफा डबीच्या प्लास्टिकला बाधतात. कापूरही नको. नाव लिहायचं तर बॉलपेनने नाही, त्याचं टोक थेट धातूवर उठतं. पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर एक क्रमांक तेवढा लिहा. बाकी सगळं वहीत.

लोखंडी कपाट चांगलंच आहे, पण खालचा खण नको. गिरगावात जमिनीतून चढणारी ओल आणि बोरिवलीत पावसाचं पाणी शिरलं तर तेही, दोन्ही आधी तिथेच पोचतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यात मी कलिन्याच्या एका तळमजल्यावर गाळाने भरलेल्या सीडींच्या बादल्या धुत बसले होते. ज्या उघड्या डबीत होत्या त्या स्वच्छ पाण्यात विसळून, झटकून, कडेवर उभ्या करून सावलीत वाळवल्यावर बहुतेक वाचल्या. ज्यांची पुस्तिका भिजून सीडीला चिकटली होती त्या गेल्या. मधला किंवा वरचा खण, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब. माळ्यावर नको, पत्र्याखाली किंवा गच्चीखाली माळा भट्टीसारखा तापतो. देवघराच्या धुराजवळ आणि स्वयंपाकघराच्या तेलकट वाफेजवळही नको.

शिफ्टिंगच्या दिवशी हे डबे टेम्पोत द्यायचे नाहीत. सामान चढवणाऱ्यांना डब्यात काय आहे ते माहीत नसतं आणि मे महिन्यात बंद टेम्पोच्या आत काय तापतं ते सांगायला नको. टॅक्सीत तुमच्या पायाशी ठेवून घेऊन जा, दोन फेऱ्या झाल्या तरी. आणि शिफ्टिंगच्या आधी निदान ओव्यांची सीडी उतरलेली असू दे.

मुलाचं म्हणणं मला अगदी चूक वाटत नाही. विकतच्या सीडींपैकी बरंच आज नेटवर आहे. पण सगळं नाही, आणि जे आज आहे ते उद्या काढलं जातं. काळा घोड्याचं रिदम हाउस हे गाण्यांचं दुकान 2016 मध्ये बंद झालं, त्यानंतर बाजारातून गेलेलं एखादं छोट्या कंपनीचं अभंगांचं ध्वनिमुद्रण पुन्हा शोधायला मला महिने लागले आहेत. दोनशेंतल्या ज्या नेटवर नीट, पूर्ण मिळतात त्या सावकाश बघू. ज्या मिळत नाहीत त्यांची यादी त्याच्याकडूनच करून घ्या. शोधून न मिळाल्याशिवाय त्याला पटायचं नाही.

राहिली आत्या. फाइलला 'ट्रॅक 04' असं नाव असलं की वीस वर्षांनी तो आवाज कुणाचा हे सांगायला कुणी नसतं, मग तो जपून ठेवलेला असूनही अनोळखी होतो. उतरवलेली भजनं फोनवर घ्या आणि एका दुपारी आत्यांकडे जा. एकेक लावा. कोण गातंय, मृदंगाला कोण, टाळ कुणाचे, कुठल्या साली कुणाच्या घरी, त्या जे म्हणतील ते फोनवर रेकॉर्ड करत राहा, मध्ये थांबवू नका, चुकलं तरी दुरुस्त करू नका. घरी येऊन ते वहीत त्या त्या क्रमांकापुढे लिहा. जाताना ओव्यांपासून सुरुवात करा, आणि मोठ्या आवाजाचा एखादा छोटा स्पीकर सोबत न्या. 84 व्या वर्षी फोनवरचं नीट ऐकू येत नाही.